नदीपार जाणारी कॉफी

१० जानेवारी १८६३. छावणी, व्हर्जिनिया

पोचले एकदाची. ट्रंकेचा कोपरा एका खेचराने लाथ घालून फोडला, टोपीचं पीस चिखलात गेलं आणि आगगाडीत समोर बसलेल्या एका लेफ्टनंटने, मी कोण हे ठाऊक नसताना, मला छावणीतल्या सगळ्या जनरलांची माहिती पुरवली. "ट्रेडवे? तो मूळचा व्हर्जिनियाचाच. आज आपल्याकडून लढतोय, उद्या बघा, नदी पोहून आईच्या मांडीवर जाऊन बसेल."

मी म्हटलं, "त्याला पोहता येत नाही."

"तुम्ही ओळखता वाटतं त्याला?"

"थोडंफार. नवरा आहे माझा."

पुढचा सगळा प्रवास तो बिचारा खिडकीबाहेर बघत होता. मी मनातल्या मनात हसून घेतलं, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

लेव्हिन वाळलाय. दाढीत पांढरं दिसायला लागलंय आणि खोकलाही आहे, तो मी आले म्हणून दाबून धरतोय. आमची खोली ओंडक्यांची, चिमणीवर पिठाचं फुटकं पिंप उपडं घातलेलं. दार उघडलं की समोर नदी. नदीच्या पलीकडे शत्रू, आणि शत्रूच्या मागे ते गाव, जिथे माझा नवरा जन्मला. "तुमचं घर कुठलं रे?" मी विचारलं. त्याने हनुवटीने दोन चिमण्यांचं विटांचं घर दाखवलं आणि आत निघून गेला.

त्या घरात सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना एकदाच पाहिलंय, लग्नात. त्यांनी माझ्या हातमोज्याला दोन बोटं लावली होती. युद्ध सुरू झालं आणि लेव्हिन इकडेच राहिला, तेव्हा त्यांनी कळवलं की आपल्याला आता मुलगा नाही.

माझा भाऊ एलिहू पहिल्याच उन्हाळ्यात याच राज्यात एका ओढ्याकाठच्या लढाईत पडला. म्हणून मला फार काही नको. माझा नवरा ज्या काठावर उभा आहे, त्याच काठावर त्याचं मनही असावं, एवढंच. लिहायला लाज वाटते, पण मला ते नक्की माहीत नाही.

१३ जानेवारी

डॉर्कस आमचा स्वयंपाक आणि धुणं बघते. ही सासूबाईंच्या घरातलीच. जन्मापासून त्यांची गुलाम होती. गेल्या उन्हाळ्यात आपलं सैन्य आलं त्या आठवड्यात एका फुटक्या होडीतून नदी ओलांडून आली. आता पगार घेते, आणि घेताना नोट उजेडात धरून बघते.

मी विचारलं, "सासूबाई कशा आहेत गं स्वभावाने?"

"कॉफी मिळाली की बऱ्या."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर मी इकडे आलेच की."

दक्षिणेत खरी कॉफी दोन वर्षांत कुणी पाहिलेली नाही म्हणतात. भाजलेल्या रताळ्यांचं काळं पाणी पितात. आपल्या शिपायांना मात्र कॉफी मापाने मिळते, म्हणून दोन्हीकडचे पहारेकरी गुपचूप व्यापार करतात. फळीचा तुकडा, त्याला कागदाचं शीड, की झाली होडी. इकडून कॉफी जाते, तिकडून तंबाखू येतो. दिवसा एकमेकांना मामा-काका म्हणतात आणि हुकूम आला की गोळ्या घालतात. आमच्या घरच्या जनरलांनी हा व्यापार बंद करायचा हुकूम काढलाय, खाली स्वतःची सही ठोकून.

१८ जानेवारी, रविवार

प्रार्थना झाल्यावर आमचे जनरल म्हणाले, "जरा पहारे तपासून येतो."

"खिशात कॉफी घालून?"

"खिशात काय आहे ते तुला काय माहीत?"

"लेव्हिन, मला नाक आहे."

तो थांबला. लहान मुलासारखं तोंड झालं होतं. मग म्हणाला, "थिर्झा, हे मला विचारू नकोस," आणि गेला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून आज प्रथम ऐकलं.

हुकूम काढणारा माणूस स्वतःच तो मोडतो. का? कॉफीबरोबर आणखी काय जातं?

२२ जानेवारी

सगळं सैन्य नदी ओलांडायला म्हणून वाजतगाजत निघालं आणि पावसाने सगळं सैन्य चिखलात बसलं. तोफा, गाड्या, खेचरं, सगळं. परत आले तेव्हा माणूस कुठला आणि चिखल कुठला, ओळखू येत नव्हतं. पलीकडच्या पहारेकऱ्यांनी फळीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: 'ढकलायला येऊ का?'

लेव्हिनचे बूट मीच ओढून काढले. आत करडे मोजे. मऊ लोकर, बारीक वीण, टाच दुहेरी. हे माझे नव्हेत. मी विणलेले चार जोड ट्रंकेत पडलेत आणि, खरं सांगायचं तर, त्यांच्या टाचा जरा वाकड्याच आहेत.

"हे कुठून आले?"

"मिळाले."

"मोजे काय झाडाला लागतात?"

तो खोकत राहिला. मला वाटतं, जितका आला त्याहून जास्त खोकला.

२४ जानेवारी

मोजे डॉर्कसकडे धुवायला दिले आणि सहज विचारतेय असं दाखवत म्हटलं, "वीण कशी वाटते तुला?"

तिने टाच उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याने दाबून पाहिली.

"कुणीतरी वयस्कर बाई आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तरुण बायांना टाचेपाशी घाई होते."

"वयस्कर म्हणजे किती? माझ्याएवढी?"

ती हसली आणि मोजे साबणाच्या पाण्यात सोडले. "बाई, मला यात ओढू नका."

म्हणजे हिला ठाऊक आहे. छावणीत सगळ्यांना ठाऊक असेल. वयस्कर! चाळिशीची असली तरी त्या बाईला वयस्करच म्हणेल ही.

२५ जानेवारी, रविवार

मी मागोमाग गेले. होय, गेले. जनरलची बायको झुडपांमागे लपून बसलेली कुणी पाहिली असती तर पेपरात छापून आलं असतं.

कॉर्पोरल टिबेट्स पहाऱ्यावर होता. मेन राज्यातला कोळी, हुकमापेक्षा वारा जास्त कळणारा. त्याने होडी पाण्यात सोडली. पलीकडून दुसरी आली, तंबाखू घेऊन. लेव्हिन तंबाखू ओढत नाही. त्याने तो टिबेट्सला देऊन टाकला आणि होडीच्या तळातून करड्या रंगाची एक घडी काढून कोटात घातली. आणखी मोजे!

मग त्याने टोपी काढली. पलीकडच्या काठावर विलोच्या झाडाखाली काळी शाल पांघरून एक बाई उभी होती. तिने हात हलवला नाही, काही नाही. नुसती उभी. तो नुसता उभा. बोडक्या डोक्याने, त्या वाऱ्यात!

काळी शाल म्हणजे विधवा. पलीकडच्या काठावरची विधवा. आपल्या माणसांना मारणाऱ्यांची कुणीतरी. परत येताना मला रडू आवरेना, आणि रडताना पाय घसरून चिखलात बसले ते वेगळंच.

२७ जानेवारी

मूर्खपणा केला. लेव्हिनच्या हाताखालच्या मेजर स्लेडच्या बायकोने चहाला बोलावलं होतं. ही बाई समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलते, आणि गुडघ्यावर हात आला की मला सगळं सांगावंसं वाटतं. मोजे, कॉफी, काळी शाल, सगळं ओकून टाकलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि रविवारी जातात म्हणजे प्रार्थनेनंतर, नाही का?" तपशील नीट विचारून घेतला तिने.

घरी येताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३० जानेवारी

मुख्यालयातून कर्नल फॅन्शॉ आले. त्यांनी लेव्हिनची तलवार मागून घेतली. चौकशी होईपर्यंत ब्रिगेड मेजर स्लेडच्या ताब्यात, आणि लेव्हिनने खोलीबाहेर पडायचं नाही. आरोप: शत्रूशी संधान.

मी तिथेच होते. कर्नलसाहेबांनी कागदावरून वाचलं: "दर रविवारी, प्रार्थनेनंतर." माझेच शब्द. माझी जीभ झडली का नाही, देव जाणे.

"कॉफी कुणाला जाते, जनरल?"

"सांगणार नाही."

"तिकडून काय येतं?"

"मोजे."

"चेष्टा करताय?"

"नाही. पायात आहेत. दाखवू का?"

फॅन्शॉ वाईट माणूस दिसत नाहीत. डोळे चोळत म्हणाले, "ट्रेडवे, नाव सांगून टाका, मी आजच परत जातो. नाही सांगितलंत तर बुधवारपर्यंत मला जे लिहावं लागेल ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही व्हर्जिनियाचे. लोक आधीच बोलतात."

"लोक दोन्ही काठांवर बोलतात, साहेब," लेव्हिन म्हणाला, आणि तोंड मिटून बसला.

३१ जानेवारी

सकाळी मीच कबूल केलं. "स्लेडच्या बायकोला मी सांगितलं. कारण मला ती काळ्या शालीतली विधवा सहन होईना."

लेव्हिनने माझ्याकडे बघितलं, बघितलं, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसला. खोकला येईपर्यंत हसला. "विधवा! हो, विधवा तर ती आहेच."

"कोण आहे ती?"

"थिर्झा, नाव बाहेर आलं तर तिचं गाव तिला जगू देणार नाही. शत्रूची कॉफी पिते म्हणून तोंडावर थुंकतील. माझी तलवार गेली तरी चालेल."

"मला सांगायला काय झालं होतं?"

त्याने चुलीत लाकूड सारलं. "एलिहूला ज्यांनी मारलं त्यांच्या गावात मी कॉफी पाठवतो, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

पण नाव त्याने सांगितलं नाही ते नाहीच.

नाव सांगितलं डॉर्कसने. मी मोरीपाशी उभी राहून रडत होते, तेव्हा ती चिडून म्हणाली, "बाई, पुरे! तुमच्या सासूबाई आहेत त्या. या टाचेचे मोजे मी वीस वर्षं धुतलेत."

वाटलं, जगातली सगळ्यात मोठी गाढवीण मी. आणि इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"त्या म्हातारीचं भलं करायला मी नदी ओलांडली नाही. आता सांगतेय तेही तिच्यासाठी नाही. माझी मुलगी पलीकडे आहे, रिचमंडच्या बाजूला विकलेली. मला या काठावर असा जनरल हवाय, ज्याला पलीकडे जायचंय. मेजर स्लेडला फक्त बढती हवीय."

"मुलगी कुणी विकली?"

"तुमच्या सासऱ्यांनी."

भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या छोट्या चित्राकडे मी आजवर रोज बघून मान लववत होते. आज काढून ट्रंकेत तळाशी ठेवलं. लेव्हिनने रिकामा खिळा पाहिला. विचारलं नाही.

२ फेब्रुवारी

लेव्हिन बोलणार नाही. मग जी बोलू शकते तिलाच बोलवायला हवं. तिचं गाव तिला काय म्हणेल ते तिचं तिने ठरवावं. बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही, पण केलं. नदीवर गेले. टिबेट्स म्हणाला, "बाईसाहेब, हे हुकमाविरुद्ध आहे." मी म्हटलं, "तुमच्या खिशातला तंबाखूही हुकमाविरुद्ध आहे." त्याने लगेच तोंडाभोवती हात धरले.

"ए दक्षिणवाल्या!"

"काय रे यांकी? कॉफी कुठाय?"

"आज कॉफी नाही. बाई आहे!"

"बाई? थांब, दाढी करून येतो!"

मग मीच ओरडले. व्हर्माँटच्या डोंगरात गाई हाकारलेल्या आहेत मी, आवाज पोचतो माझा. "दोन चिमण्यांच्या घरातल्या मिसेस ट्रेडवेंना निरोप द्यायचाय!"

"कुणाचा?"

"त्यांच्या सुनेचा!"

तिकडे कुजबुज झाली. "त्या म्हणतात त्यांना मुलगाच नाही. सून कुठून आली?"

"मग त्यांना सांगा, जी नाही ती सून म्हणते, जो नाही त्या मुलाची तलवार आमच्या लोकांनी काढून घेतलीय! त्याला दगाबाज ठरवतायत! बुधवारी निकाल आहे!"

"दगाबाज? कुणाशी?"

"आमच्याशी!"

मग तोच आवाज आला, जरा गोंधळलेला. "बाई, दोन वर्षं आम्ही त्याला आमच्याशी दगाबाज म्हणतोय. दोन्हीकडून कसं जमेल?"

"तेच तर म्हणतेय मी!" मी ओरडले, आणि घसा बसला.

३ फेब्रुवारी

पलीकडून काही नाही. झाडाखाली कुणी नाही. फॅन्शॉसाहेब लिहीत बसलेत. स्लेडबाईने केक पाठवला. मी तो खेचरांना घातला.

लेव्हिनला सांगितलं की मी नदीवर काय केलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ती येणार नाही, थिर्झा. तू तिला ओळखत नाहीस." आणि मग थोड्या वेळाने, "तिने शाल नीट घेतली होती का, पाहिलंस त्या दिवशी?"

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर बघावं.

सकाळी पांढरं निशाण लावून पलीकडून होडी आली. दोन वल्हेकरी, एक त्यांचा अधिकारी, आणि मधोमध ताठ बसलेल्या सासूबाई. काठावर उतरताना आमच्या अधिकाऱ्याने हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. उतरताना बूट भिजला, तरी घेतला नाही.

मला पाहून म्हणाल्या, "व्हर्माँटची तू?"

"हो."

"आवाज मोठा आहे तुझा. अख्ख्या गावाने ऐकलं."

त्यांना आमच्या खोलीत आणलं. कर्नल फॅन्शॉ उठून उभे राहिले. लेव्हिन कोपऱ्यात उभा होता, निळ्या कोटात, खांदेपट्ट्यांसकट. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"निळ्या कोटाशी मी बोलत नाही," त्या कर्नलना म्हणाल्या. "तसा देवासमोर शब्द दिलाय. त्याला काही विचारायचं झालं तर या मुलीमार्फत विचारेन." मग माझ्याकडे वळून, "त्याला विचार, खोकला कधीपासून आहे."

"लेव्हिन, खोकला कधीपासून आहे?"

"नाताळपासून. सांग."

"नाताळपासून म्हणतो."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

डॉर्कस चुलीपाशी स्टुलावर बसली होती. सासूबाईंची नजर तिच्यावर गेली आणि जणू मधले महिने गेलेच नाहीत अशा आवाजात त्या म्हणाल्या, "डॉर्कस, कॉफी आण."

डॉर्कस बसून राहिली. "पाय दुखतायत माझे."

"माझ्याकडे होतीस तेव्हा तुझे पाय कधी दुखले नाहीत."

"दुखायचे. तुम्ही विचारलं नाहीत."

सासूबाईंच्या मानेवर लाली चढली. कॉफी मी ओतली. मी करते ती कॉफी पातळ होते, पण त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

फॅन्शॉंनी घसा साफ केला. "मॅडम, ही कॉफी यापूर्वी तुम्हाला जनरल ट्रेडवे पाठवत होते का?"

"रविवारी नदीकाठी कॉफी सापडायची. कोण पाठवतं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर परत पाठवावी लागली असती."

"आणि मोजे?"

"मोजे मी आमच्या सैन्यासाठी विणते. एखादा जोड नदीत पडत असेल तर म्हातारीच्या हाताला दोष द्या."

"कॉफीबरोबर कधी काही निरोप? सैन्य कुठे आहे, तोफा किती—"

एवढं पुरलं. सासूबाईंनी पेला टेबलावर असा आदळला की शाई सांडली.

"निरोप? अहो, हा निरोप देणारा असता तर आणखी काय हवं होतं मला! दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या माणसांनी याला याच्यापेक्षा मोठी जागा देऊ केली होती. माझ्या बैठकीत. मी याच्यापुढे गुडघे टेकले, कर्नल. देव सोडून मी कुणापुढे गुडघे टेकलेले नाहीत, नवऱ्यापुढेसुद्धा नाही. म्हटलं, ही माती तुझी आहे, तुझा बाप हिच्यात आहे. आणि हा मला उठवून खुर्चीत बसवून म्हणाला, आई, मी शपथ घेतलीय. बस, एवढंच. घोड्यावर बसला आणि गेला. त्या दिवसापासून गावात माझ्याकडे कुणी चहाला येत नाही."

त्यांचा आवाज फुटला, पण थांबल्या नाहीत.

"माझा मुलगा चुकीच्या बाजूला आहे. हट्टी आहे. बापावर गेलाय. पण दिलेला शब्द तो मोडतो असं कुणी म्हटलं तर ते मी ऐकून घेणार नाही, तुमच्या तोंडून तर नाहीच नाही! तुम्हाला नको असेल तर द्या आम्हाला. आत्ता द्या. होडीत जागा आहे!"

मेजर स्लेड दाराशी उभे होते. फॅन्शॉ त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मेजर, मॅडमना हो म्हणायचं का? तुमचं मत काय?" स्लेड यांचं मत नव्हतं. फॅन्शॉंनी शाई सांडलेला कागद चुरगळून चुलीत टाकला आणि तलवार आणायला सांगितलं. ती आणायला टिबेट्स जो धावला, तो अजून धावतच असेल. बाहेर कुणीतरी टोपी उडवली, मग सगळ्यांनीच उडवल्या. मी डॉर्कसच्या स्टुलाच्या कडेवर टेकले आणि तिने सरकून जागा दिली.

फॅन्शॉ जाताना लेव्हिनला म्हणाले, "हुकूम मोडलात त्याबद्दल ठपका लिहावा लागेल."

"तो मीच काढला होता," लेव्हिन म्हणाला. "लिहा."

मी सासूबाईंना म्हटलं, "आता इथेच राहा. तिकडे लोक काय म्हणतील?"

"जे दोन वर्षं म्हणतायत तेच. तिकडे माझं घर आहे." मग जरा थांबून, "टाच विणताना घाई करू नकोस, सूनबाई. तुझे मोजे ट्रंकेच्या फुटक्या कोपऱ्यातून दिसले मला."

दुपारी त्यांना काठावर पोचवायला गेलो. वारा असा होता की डोळ्यांत पाणी येत होतं. निदान सगळे तसं म्हणत होते. शिपाई लांब उभे. सासूबाई होडीत एक पाय टाकून थांबल्या, पाठ आमच्याकडे.

लेव्हिनने अचानक कोटाची बटणं सोडली. खांदेपट्ट्यांसकट तो निळा कोट काढून माझ्या हातावर टाकला आणि नुसत्या सदऱ्यात काठावर उभा राहिला. "आई," तो म्हणाला.

त्या वळल्या. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओठ हलत होते. मला वाटलं आता आशीर्वाद देतील, नाहीतर रडतील.

"लेव्हिन," त्या म्हणाल्या. "अक्कल आहे का? कोट घाल तो. छातीत थंडी भरेल."

त्याने कोट घातला. पण बोटं गारठली होती, बटणं लागेनात. सासूबाई होडीतून परत चिखलात उतरल्या, आणि खालपासून गळ्यापर्यंत एकेक बटण त्यांनी स्वतः लावलं.